पोस्टर लागलं, व्याख्यान झालं, तरी तपासायला कोणीच गेलं नाही. चुकलं कुठे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका स्वयंसेवी गटाने कॅन्सरच्या सुरुवातीच्या लक्षणांबद्दल जनजागृती करायचं ठरवलं. पंधरा लक्षणांचं मोठं पोस्टर छापलं, एका डॉक्टरांचं तासाभराचं व्याख्यान ठेवलं. दोनशेच्या आसपास माणसं आली. तीन महिन्यांनी चौकशी केली, तर तपासायला गेलेलं एकही माणूस सापडेना. उलट दोघीतिघींनी ‘उगाच भीती घातलीत’ म्हणून सुनावलं. आता विचारणा अशी, की पुढचं पोस्टर कसं असावं? भाषा आणखी सोपी करावी, की फोटो घालावेत?

माझं म्हणणं, पोस्टर सध्या राहू द्या. ‘लोकांना माहिती नाही’ असं धरून तुम्ही निघालात, आणि ते अर्धंच खरं आहे. गाठ म्हणजे कॅन्सर असू शकतो, हे बहुतेकांनी कुठे ना कुठे ऐकलेलं असतं. घोडं अडतं ते पुढे. माझी ही गाठ त्यातलीच आहे का? किती दिवस वाट पाहू? जायचं कुणाकडे? आणि तिथे माझं काय करतील? तुमच्या पोस्टरवर पंधरा लक्षणं होती, पण या चारांपैकी एकाही प्रश्नाचं उत्तर नव्हतं. लक्षण, मुदत, दार आणि दाराच्या आत काय होतं, हे चारही एका दमात सांगता येत नसेल, तर तो निरोप अजून तयार झालेला नाही असं मी धरते.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच सांगते. तुमच्या लोकांत तंबाखू किंवा सुपारी चघळण्याचं प्रमाण जास्त असेल, तर सुरुवात तोंडापासून करा. विडी-सिगारेट जास्त असेल तर खोकला, आवाज आणि लघवीतलं रक्त पुढे घ्या. मूत्राशयाच्या कॅन्सरचा धूम्रपानाशी थेट संबंध आहे आणि तो बहुतेकांच्या गावीही नसतो. समोरचा गट पन्नाशीपुढच्या बायकांचा असेल तर स्तन आणि पाळी गेल्यानंतरचा रक्तस्राव. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तुकडा काढून तपासण्याची, म्हणजे बायोप्सीची सोय किती लांब आहे. ती सहज जाता येण्यासारखी नसेल तर जनजागृतीआधी प्रवासाची, सोबतीची आणि बुडणाऱ्या मजुरीची व्यवस्था बघावी लागते. नाहीतर आपण माणसाला जागं करतो आणि अंधारात सोडून देतो.

आणखी एक फरक ठेवा, कारण व्याख्यानांत त्याची हमखास खिचडी होते. लक्षण नसताना ठरावीक वयाच्या निरोगी माणसांची तपासणी करणं वेगळं, आणि लक्षण दिसल्यावर वेळेत निदान होणं वेगळं. गर्भाशयमुखाचा कॅन्सर पहिल्या प्रकारात येतो. तिथे लक्षणाची वाट पाहायचीच नसते, कारण कॅन्सर होण्याच्या अनेक वर्षं आधी पेशींतले बदल सापडतात आणि साध्या उपचाराने काढता येतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये याच कॅन्सरसाठी ९०-७०-९० हे लक्ष्य ठेवलं. ९० टक्के मुलींना पंधराव्या वर्षापर्यंत लस, ७० टक्के स्त्रियांची पस्तिशीत आणि पुन्हा पंचेचाळिशीत खात्रीची तपासणी, आणि दोष सापडलेल्यांपैकी ९० टक्क्यांवर उपचार. या कॅन्सरबद्दल बोलताना ‘लक्षणं ओळखा’ म्हणणं म्हणजे गाडी सुटल्यावर वेळापत्रक वाचणं. त्याचं सत्र वेगळं घ्या. इथे मी दुसऱ्या प्रकाराबद्दलच बोलतेय.

आता दिवस कुठे जातात ते पाहू. पहिल्यांदा काहीतरी जाणवल्यापासून ‘हे दाखवायला हवं’ असं वाटेपर्यंतचा काळ हा पहिला टप्पा. तसं वाटल्यापासून खरंच जाईपर्यंतचा दुसरा. पहिल्या डॉक्टरपासून पक्क्या निदानापर्यंतचा तिसरा, निदानापासून उपचारापर्यंतचा चौथा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१७ च्या मार्गदर्शिकेत लक्षण सुरू झाल्यापासून उपचारापर्यंतचा सगळा काळ साधारण ९० दिवसांच्या आत असावा असं म्हटलंय. प्रत्यक्षात अनेकांचा तेवढा वेळ पहिल्याच टप्प्यात जातो. आणि तो निष्काळजीपणाने जात नाही, समजुतीने जातो. माणूस लक्षणाला आपल्या आयुष्यातलं एक साधं कारण शोधून देतो आणि ते कारण बहुधा पटण्यासारखंही असतं. संडासवाटे रक्त गेलं, मूळव्याध असेल. खोकला आहे, सिगारेट ओढतोच की. तोंडात चिरलंय, दात टोचतो. वजन उतरलं, दगदग फार झाली. थकवा आलाय, वय झालं.

या समजुतींमध्ये सगळ्यात महाग पडते ती ‘दुखत नाही ना, मग काही नाही’ ही. दुखणं कधी सुरू होतं? गाठ मज्जातंतूवर दाबली, हाडात शिरली, मार्ग अडला किंवा जखमेत जंतू शिरले की. सुरुवातीच्या छोट्या गाठीला यातलं काहीच जमलेलं नसतं, म्हणून ती गप्प असते. तुमच्या कार्यक्रमातून लोकांनी एकच वाक्य घरी न्यायचं असेल तर ते हे असू द्या: ‘दुखत नाही म्हणून दाखवायचं थांबू नका.’ याची दुसरी बाजूही सांगायची, नाहीतर दुखणाऱ्या गाठीवाली निवांत घरी बसते. दुखली म्हणून गाठ निर्धोक ठरत नाही.

पंधरा लक्षणं एकदम सांगितली की दोन गोष्टी होतात. पहिलं, घरी पोचेपर्यंत दोन आठवतात आणि ती बहुधा सगळ्यात ढोबळ असतात, ‘थकवा’ आणि ‘वजन कमी होणं’. दुसरं, यादी इतकी पसरते की प्रत्येकाला स्वतःत तीन तरी लक्षणं सापडतात. मग माणूस एकतर घाबरतो किंवा ‘यांच्या मते सगळ्यांनाच कॅन्सर’ म्हणून यादीच झटकतो. तुम्हाला सुनावणाऱ्या बायकांचं हेच झालं असावं. एका सत्रात चार लक्षणं पुरेत. निवडताना मी तीन कसोट्या लावते: माणसाला स्वतःला ते दिसतं किंवा जाणवतं का, त्याला मुदत घालता येते का, आणि लवकर सापडल्याने उपचारात खरंच फरक पडतो का. तिसऱ्या कसोटीवर स्वादुपिंडाचा कॅन्सर बहुतेक वेळा नापास होतो. लक्षणं कळेपर्यंत तो बराच पुढे गेलेला असतो. हे प्रामाणिकपणे सांगायला हरकत नाही. त्यावर अर्धा तास घालवू मात्र नका.

मुदतीबद्दल नेमकं बोलायला हवं, कारण ‘बरेच दिवस’ म्हणजे कुणाला आठवडा वाटतो, कुणाला वर्ष. तोंडातली जखम किंवा चट्टा दोन आठवड्यांत गेला नाही की दाखवायचा, तीन आठवडे ही शेवटची हद्द. खोकला किंवा घोगरा आवाज तीन आठवडे. जिथे क्षयरोग आहे तिथे दोन आठवड्यांच्या खोकल्याला थुंकी तपासायचीच. आणि थुंकीत काही न सापडता क्षयाच्या गोळ्या सुरू झाल्या, खोकला मात्र तसाच राहिला, तर पुढची तपासणी मागायची. फुप्फुसाच्या कॅन्सरचे महिने तिथे हमखास जातात. शौचाची नेहमीची सवय बदलून तीन-चार आठवडे तशीच राहिली तर दाखवायचं. घास अडकत असेल, आधी कोरडं खाणं आणि मग पातळही उतरेनासं झालं असेल, तर मुदत वगैरे काही नाही, त्याच आठवड्यात. प्रयत्न न करता सहा ते बारा महिन्यांत वजनाच्या पाच टक्के घट, म्हणजे साठ किलोच्या माणसाचे तीन किलो. हा आकडा असाच किलोत सांगा. टक्क्यात सांगितलं की समोरच्याचं लक्ष उडतं.

काही लक्षणांना मुदतच नसते आणि ती वेगळी सांगावी लागतात. लघवीतून रक्त, एकदाच दिसलं तरी. ते एकदा दिसतं, आपोआप थांबतं, दोन महिन्यांनी पुन्हा दिसतं. मधल्या काळात माणूस ‘बरं झालं’ म्हणून विसरतो, रोग मात्र तिथेच असतो. पाळी जाऊन वर्ष झाल्यावर अंगावरून गेलेलं रक्त, मग तो एक डाग का असेना. अशा रक्तस्रावाच्या १०० बायकांत साधारण नऊ जणींना गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर निघतो, आणि या कॅन्सरच्या १०० बायकांत नव्वदीच्या वर जणींना हा रक्तस्राव झालेला असतो. इतका स्पष्ट इशारा देणारे कॅन्सर फार नाहीत, म्हणून पन्नाशीपुढच्या बायकांच्या सत्रात हे पहिलं सांगा. स्तनात नवी गाठ, कातडी आत ओढलेली, बोंड नव्याने आत गेलेलं, एकाच बाजूच्या बोंडातून रक्तासारखा स्राव. पुरुषाच्या वृषणात न दुखणारी गाठ किंवा टणकपणा. लहान मुलाच्या बुबुळात किंवा फ्लॅश मारून काढलेल्या फोटोत पांढरी चमक. या सगळ्यांना उत्तर एकच, या आठवड्यात दाखवा.

मूळव्याधीबद्दल दोन शब्द जास्त. ‘मला मूळव्याध आहे’ हे अनेकदा खरंच असतं, पण मूळव्याध आणि आतड्यातली गाठ एकाच माणसाला असू शकते. मूळव्याध सापडली म्हणून रक्ताचं कारण सापडलं असं होत नाही. आणि पुरुषाला, किंवा पाळी गेलेल्या बाईला, लोहाच्या कमतरतेचा पंडुरोग निघाला तर गोळ्या सुरू करतानाच रक्त कुठून जातंय हा प्रश्न विचारायचा. गोळ्यांनी हिमोग्लोबिन वर येतं, सगळे खूश होतात, आणि आतड्यातून रक्त झिरपतच राहतं.

वरचं सगळं एका सत्रात सांगायचं नाही, हे पुन्हा सांगते. त्यातली चार.

आता तोंडाचं उदाहरण घेऊन सत्र कसं चालवायचं ते दाखवते, कारण तोंड घरच्या घरी पाहता येतं आणि शिकवायलाही सोपं. लागतं काय, तर आरसा, मोबाइलचा टॉर्च, स्वच्छ धुतलेला हात आणि कापडाचा किंवा गॉझचा तुकडा. कवळी असेल तर आधी काढायची. नेमकी तिच्याखालचीच जागा पाहायची राहते. चूळ भरायची. मग ओठ बाहेरून आणि उलटून आतून. एका बोटाने गाल बाहेर ओढून आतली बाजू, खालच्या-वरच्या हिरड्यांच्या शेवटच्या दाढेपर्यंत. तंबाखूची गोळी जिथे ठेवली जाते ती खाच नीट पाहायची. मग जीभ बाहेर काढून तिचं टोक कापडाने धरायचं आणि आधी एका, मग दुसऱ्या बाजूला ओढून कडा मागपर्यंत पाहायच्या. बहुतेक लोक जिभेचा वरचा भाग बघून थांबतात आणि जिभेचा कॅन्सर असतो कडेला. त्यानंतर जीभ टाळूला लावून खालची जमीन, डोकं मागे करून टाळू, आणि ‘आ’ करून घसा. शेवटी जबड्याखालून गळ्याच्या हाडापर्यंत दोन्ही बाजूंनी बोटं फिरवून गाठ लागते का ते बघायचं. सगळं मिळून चार मिनिटं, महिन्यातून एकदा.

काय दिसलं तर काळजी, हे हातात धरून समजवावं लागतं. साधं तोंड येतं तो फोड गोल असतो, मधे पिवळट-पांढरा, भोवती लाल कड, झोंबतो भरपूर, आणि सात ते चौदा दिवसांत जातो. काळजीची जखम बऱ्याचदा सुरुवातीला झोंबतही नाही. तिची कड उंचावलेली असते आणि बोटाला टणक लागते. फरक कळावा म्हणून मी लोकांना आधी ओठ दाबायला सांगते, मग नाकाचं टोक. ओठासारखं मऊ लागलं तर ठीक, नाकाच्या टोकासारखं लागलं तर दाखवा. पांढरा चट्टा कापडाने पुसून निघाला तर तो बहुधा बुरशीचा, पण तोही परत येत राहिला तर दाखवायचा. न पुसला जाणारा पांढरा, आणि त्याहून जास्त लाल किंवा लाल-पांढरा मिश्र चट्टा, हा तपासायलाच हवा. तोंड उघडणं कमी होत चाललंय का हे पाहायला स्वतःची मधली तीन बोटं उभी, एकावर एक धरून पुढच्या दातांमध्ये घालून बघायची. ती जात नसतील, किंवा मागच्या महिन्यात जात होती आणि आता जात नाहीत, तर दाखवायचं. हिरडीला काही झालेलं नसताना एखादा दात अचानक हलू लागला, तरीही.

दात टोचतो म्हणून जखम झाली असेल, तर तो दात घासून गुळगुळीत करून घ्यायचा आणि तारीख लिहून ठेवायची. दोन आठवड्यांत जखम भरली तर कारण खरंच दात होता. भरली नाही तर मलम बदलायचं नाही, तुकडा तपासायचा. हा नियम रुग्णाला जितका लागू आहे तितकाच त्याच्या डॉक्टरलाही.

एक शंका प्रत्येक सत्रात येते: ‘तुकडा काढला की कॅन्सर पसरतो म्हणतात.’ तिला टाळू नका, कुणी विचारलं नाही तरी तुम्हीच काढा. तोंडातल्या जखमेचा तुकडा घेतल्याने आजार वाढतो असं नाही. तुकडा घेतल्यावर काही आठवड्यांत माणूस खालावलेला लोकांना दिसतो, तो बहुधा आधीच पुढे गेलेल्या आजारामुळे, किंवा अहवाल ऐकून घाबरून उपचार सोडल्यामुळे. अपवादही सांगून टाका. वृषणाच्या गाठीत सुई किंवा तुकडा घेत नाहीत, तिथे पद्धतच वेगळी असते. एवढं नेमकं बोललात की लोकांचा बाकीच्या बोलण्यावरही विश्वास बसतो.

भीतीबद्दल. फुटलेल्या जबड्याचे, व्रण पडलेल्या स्तनाचे फोटो लावायचा मोह आवरा. त्यात दिसतो तो शेवटचा टप्पा, आणि आपल्याला ओळखायला शिकवायचाय पहिला. तसा फोटो पाहून ज्याच्या गालात मसुरीएवढा चट्टा आहे तो म्हणतो, ‘माझं काही असं नाही.’ फोटो दाखवायचेच असतील तर सुरुवातीच्या, जवळजवळ साध्या वाटणाऱ्या चट्ट्यांचे दाखवा. सोबत सांगा, की तपासायला आलेल्या बहुतेकांना कॅन्सर नसतो. ही नुसती समजूत घालणं नव्हे. इंग्लंडमध्ये २०१५ च्या अधिकृत मार्गदर्शक सूचनांत लक्षणांवरून तातडीने पुढे पाठवण्यासाठी कॅन्सरच्या शक्यतेचा उंबरा मुद्दाम तीन टक्क्यांवर ठेवला. म्हणजे त्या उंबऱ्यावरच्या १०० जणांतले ९७ सुटून घरी येणार, हे गृहीत धरूनच. तुमच्याकडून गेलेले वीसच्या वीस ‘काही नाही’ म्हणून परतले तर तुमचा कार्यक्रम फसलेला नाही. ही गोष्ट कार्यकर्त्यांना आधी सांगा, नाहीतर दोन महिन्यांत त्यांनाच वाटू लागतं की आपण लोकांना उगाच पळवतोय.

वाक्याची घडण कशी असावी? ‘तोंडात बरी न होणारी जखम असल्यास त्वरित वैद्यकीय सल्ला घ्यावा’ हे वाक्य चूक नाही, पण त्याने कोणी उठत नाही. ‘बरी न होणारी’ म्हणजे किती दिवस? ‘सल्ला’ कोणाचा? त्याऐवजी असं: ‘तोंडातली जखम दोन आठवड्यांत भरली नाही? मंगळवारी किंवा शुक्रवारी सकाळी दहाला खोली क्रमांक चारमध्ये या. पाच मिनिटं तोंड बघतात. लागलं तर जागा बधिर करून छोटा तुकडा घेतात, त्याच दिवशी घरी जाता येतं. बहुतेकांना कॅन्सर नसतो.’ वार आणि खोली तुमच्या ठिकाणाप्रमाणे घाला, पण घालाच. त्या जागी ‘जवळच्या रुग्णालयात’ असं लिहायची वेळ आली, तर समजा की दाराचं काम अजून व्हायचंय.

त्या दाराचं काम पोस्टरआधी निदान महिनाभर करा. दवाखान्यात जाऊन विचारा: तोंडाचा तुकडा कोण घेतं, कोणत्या वारी? अहवालाला किती दिवस लागतात? अहवाल रुग्णाला कोण कळवतं? शेवटच्या प्रश्नाला बऱ्याच ठिकाणी उत्तर ‘रुग्णाने येऊन घेऊन जायचा’ असं असतं, आणि निम्मी गळती तिथेच होते. तिथल्या एका नर्सशी किंवा समाजसेविकेशी ठरवून ठेवा, की आमच्या चिठ्ठीवर आलेल्याचा अहवाल आला की आमच्या कार्यकर्तीला फोन जाईल. यासाठी रुग्णाची लेखी संमती चिठ्ठीवरच घ्या. चिठ्ठीवर नाव, वय, लक्षण, किती दिवसांपासून, आधी काय औषध घेतलं, एवढंच. शेवटच्या दोन गोष्टी डॉक्टरच्या फार उपयोगाच्या. ‘तीन आठवडे झाले, प्रतिजैविकांचा एक कोर्स झाला, फरक नाही’ हे लिहिलेलं दिसलं की दुसरा कोर्स सहसा लिहिला जात नाही.

तिसऱ्या टप्प्यातली दिरंगाई हा नाजूक विषय आहे, पण तो टाळून जनजागृती पुरी होत नाही. पहिल्या डॉक्टरकडे दिवसभरात साध्या तक्रारींचे ढीग येतात, त्यात एक कॅन्सरचा असतो. पहिल्या भेटीत तो न ओळखता येणं समजण्यासारखं आहे. खरी चूक होते ती ‘परत कधी यायचं’ हे न सांगण्यात. म्हणून सत्रात लोकांना दोन वाक्यं मोठ्याने म्हणायला लावा, जोडीजोडीने, एक डॉक्टर आणि एक रुग्ण होऊन. ‘याने बरं नाही वाटलं तर किती दिवसांनी परत येऊ?’ आणि परत गेल्यावर, ‘याच त्रासासाठी दुसऱ्यांदा आलोय, आता पुढची तपासणी कोणती?’ आधी सगळे हसतात, पोरखेळ वाटतो. पण तोंडातून एकदा गेलेलं वाक्य दवाखान्यात आठवतं, कानावर पडलेलं आठवत नाही. जमलं तर आजूबाजूच्या डॉक्टरांना, दंतवैद्यांना आणि औषधाच्या दुकानदारांना लोकांआधी भेटा. तोंडाच्या जखमेचं मलम तिसऱ्यांदा मागणारं गिऱ्हाईक सगळ्यात आधी दुकानदारालाच कळतं.

सत्र वीस-पंचवीस मिनिटांचं, पंधरा ते वीस माणसांचं ठेवा. दोनशेंच्या सभागृहात अंगावरून जाण्याचा प्रश्न कुणी विचारत नाही. बायकांचं वेगळं घ्या आणि बोलणारीही बाईच असू द्या. पुरुषांच्या सत्रात वृषण आणि लघवीबद्दल सरळ शब्दांत बोला, आडपडदा ठेवलात तर ते हसण्यावारी नेतात. संपल्यावर लगेच खुर्च्या उचलू नका. खरे प्रश्न पायात चपला घालताना येतात. ‘माझ्या बहिणीला ना...’ अशी सुरुवात झाली की ती बहीण बऱ्याचदा समोरच उभी असते. त्या दहा मिनिटांसाठी एक कार्यकर्ती दाराशी, चिठ्ठ्यांचं पुस्तक घेऊन, मोकळी ठेवा.

स्तनांच्या बाबतीत मात्र दर महिन्याला घड्याळ लावून स्वतःची तपासणी करण्याचा कार्यक्रम शिकवू नका, असं मी म्हणेन. शांघायमध्ये कापड गिरण्यांतल्या दोन लाख साठ हजारांहून जास्त स्त्रियांवर याचा मोठा अभ्यास झाला. त्याचे अंतिम निष्कर्ष २००२ मध्ये आले. तपासणी नीट शिकवलेल्या गटात स्तनाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू कमी झाले नाहीत, साध्या गाठींचे तुकडे मात्र जास्त घेतले गेले. याचा अर्थ बायकांनी स्तनांकडे बघूच नये असा नाही. आपलं नेहमीचं कसं असतं ते ठाऊक असावं, कपडे बदलताना आरशात नजर जावी, आणि बदल दिसला की पाळीचं एक चक्र, दोन चक्रं असं न करता दाखवावं. परीक्षेसारखं दर महिन्याला शोधत बसण्याचं ओझं नको, एवढंच.

असाच सावधपणा ‘सगळ्यांची सगळी तपासणी’ छापाच्या शिबिरांबाबत ठेवा. दक्षिण कोरियात सरसकट गळ्याची सोनोग्राफी होऊ लागली आणि १९९३ ते २०११ या काळात थायरॉइड कॅन्सरचं निदान पंधरा पटींनी वाढलं. मृत्यू होते तेवढेच राहिले. ज्या गाठींनी कधीच त्रास दिला नसता त्या सापडल्या, आणि हजारोंच्या ग्रंथी काढल्या गेल्या. लक्षण नसलेल्या माणसाच्या रक्तात ‘ट्यूमर मार्कर’, म्हणजे काही कॅन्सरमध्ये वाढणारे पदार्थ, तपासून देण्याची मदत कोणी देऊ केली, तर नम्रपणे नको म्हणा. त्यातले बहुतेक मार्कर उपचार चालू असताना आजारावर लक्ष ठेवायला असतात. निरोगी गर्दीत ते खोटी भीती आणि खोटा दिलासा दोन्ही वाटतात.

मोहीम मोठी आणि नेमकी असली तर फरक पडतो, हे दिसलेलंही आहे. इंग्लंडमध्ये २०१२ च्या उन्हाळ्यात ‘तीन आठवडे खोकला? डॉक्टरांना सांगा’ एवढ्याच आशयाची मोहीम देशभर चालली. मागच्या वर्षीच्या त्याच काळाशी तुलना करता फुप्फुसाच्या कॅन्सरची सुमारे ७०० जास्त निदानं झाली, आणि आजाराच्या पहिल्या टप्प्यात सापडणाऱ्यांचा वाटाही वाढला. त्यात एकच लक्षण होतं, एकच मुदत आणि एकच दार. ब्रिटनमध्येच मुलांच्या मेंदूतल्या गाठींसाठी २०११ पासून वयानुसार लक्षणांची छोटी कार्डं पालकांत आणि डॉक्टरांत वाटली गेली, आणि लक्षण ते निदान हा काळ सुमारे चौदा आठवड्यांवरून सातच्या आत आला. यात डॉक्टरही होते, हे विसरू नका. अशा मोहिमांचा जोर काही महिन्यांत ओसरतो, म्हणून एकदाच मोठा कार्यक्रम करण्यापेक्षा तोच निरोप वर्षातून तीन-चार वेळा त्याच लोकांपर्यंत गेलेला बरा.

मोजायचं काय? हजेरी मोजू नका. एक साधी वही करा, त्यात सात रकाने: चिठ्ठी दिल्याची तारीख, लक्षण किती दिवसांपासून, दवाखान्यात पोचल्याची तारीख, तुकडा किंवा तपासणी झाली ती तारीख, अहवाल हातात आल्याची तारीख, निकाल, आणि उपचार लागले तर सुरू झाल्याची तारीख. दर महिन्याला वही उघडली की गळती कुठे आहे ते आपोआप दिसतं. पहिला आणि तिसरा रकाना यांत अंतर जास्त असेल तर निरोप आणि सोबत यांत कमी पडताय. चौथा-पाचवा लांबले असतील तर दवाखान्याशी बोला, पोस्टरवर एक अक्षरही बदलून उपयोग नाही. वही कुलपात ठेवा आणि नावं सत्रात कधीही घेऊ नका. एकाचं नाव फुटलं की पुढचे वीस येत नाहीत.

उरलेली पोस्टरं टाकू नका. मागची बाजू कोरी असेल तर त्यांचे पोस्टकार्डाएवढे तुकडे करा, आणि प्रत्येकावर एक लक्षण, त्याची मुदत, वार, वेळ आणि खोली ठळक अक्षरांत हाताने लिहून काढा. दवाखान्याने वार बदलला तर नवं छापायला लागत नाही, कात्री आणि पेन पुरतं.